भाद्रपदातला उन्हाळा

मराठी माणसाच्या प्रवासाला एक चमत्कारिक क्रियापद चिकटलेले आहे. ते म्हणजे ‘करणे’. पूर्वीची माणसे काशी करून येत, अष्टविनायक करून येत. त्याच चालीवर हल्लीची मंडळी केरळ करतात, काश्मीर करतात आणि आठ दिवसांत युरोपही करून परत येतात. देवदर्शनाला हे क्रियापद शोभते, कारण तेथे एखादे व्रत पुरे करायचे असते. पण मौजेखातर निघालेल्या माणसानेही दिवसाला चार ठिकाणे ‘केली’ की नाही याचा हिशेब मांडावा, हे काही खरे नव्हे. सपाटीवर हा हिशेब फार तर पाय दुखवतो. उंच पहाडात मात्र तो जिवावर बेतू शकतो.

म्हणून यंदा ज्या प्रवासाचा बेत वाचकांपुढे मांडायचा आहे, तो करण्याचा नसून सावकाश भोगण्याचा आहे. हिमाचल प्रदेशात सतलजच्या काठाकाठाने वर चढत किन्नौर ओलांडायचे आणि स्पिती नदीच्या उजाड, थंड, विलक्षण सुंदर खोऱ्यात उतरायचे, असा हा मोटारीचा रस्ता आहे. तो उन्हाळा सरता सरता करावा. दिवाळी अंकात हा विषय काढण्याचे कारण एवढेच, की या प्रवासाची तयारी वर्षभर आधी सुरू झालेली बरी. आणि घरातली सगळी माणसे फराळाच्या ताटाभोवती एकत्र बसलेली असतात अशी वेळ पुन्हा लवकर येत नाही.

उन्हाळा कोणाचा?

आपला उन्हाळा मृगाच्या सरीबरोबर संपतो. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे एप्रिल-मे, असे आपल्या मनावर शाळेने कायमचे कोरून ठेवले आहे, आणि म्हणून थंड हवेची ठिकाणेही आपल्याला मेमध्येच आठवतात. स्पितीचे पंचांग निराळे. मे महिन्यात तिथे कुंझुमची खिंड बहुधा बर्फाखाली असते. ती साधारणपणे जूनच्या सुमारास उघडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा मिटते. तेव्हा तिथला उतरता उन्हाळा म्हणजे आपला भाद्रपद!

मग जुलै-ऑगस्टात का जाऊ नये? स्पितीत पाऊस फारसा पडत नाही, हे खरे. महाबळेश्वरी धो धो कोसळणारा पाऊस माणदेशापर्यंत पोचेतो जसा कोरडा पडतो, तसाच हिमालयाच्या रांगांनी अडवलेला पाऊस स्पितीत पोचेतो रिकामा होतो. पण स्पितीला पोचायचे तर आधी सतलजच्या खालच्या खोऱ्यातून जावे लागते, आणि तिथे श्रावणातला पाऊस डोंगरच्या डोंगर रस्त्यावर आणून टाकतो. ११ ऑगस्ट २०२१ रोजी किन्नौरमधल्या निगुलसरी येथे अशीच दरड कोसळली आणि तिच्याखाली सापडून २८ माणसे दगावली. असल्या दिवसांत सहकुटुंब तिकडे जाण्यात शौर्य नाही.

सप्टेंबरचा मध्य उलटला, की पावसाचा जोर ओसरू लागतो. हिमाचलातून मोसमी वारे बहुधा महिन्याच्या अखेरीस काढता पाय घेतात. किन्नौरच्या बागांत सफरचंदे लालीवर आलेली असतात, वर स्पितीत सातूची शेते सोनेरी होऊन कापणीला येतात, आकाश धुऊन ठेवल्यासारखे निळे दिसते. दिवसा ऊन हवेहवेसे असते. रात्री मात्र महिनाअखेरीला काझ्यात पारा शून्याच्या आसपास घुटमळू लागतो.

आता यात एक खास मराठी अडचण आहे. अनंत चतुर्दशी आणि घटस्थापना यांच्यामधले दिवस म्हणजे नेमका पितृपंधरवडा. पक्षात प्रवासाला निघू नये, असे पुष्कळ घरांत पाळतात. ज्यांना पाळायचे आहे त्यांनी वडिलांची तिथी उरकून निघावे, नाहीतर नवरात्राचे पहिले दिवस गाठावेत. मात्र दसऱ्याच्या फार पुढे जाऊ नये. अधिक महिन्याच्या वर्षी गणपतीच सप्टेंबरच्या मध्याला येतात. तेव्हा तर कॅलेंडर उघडूनच बेत करावा.

बर्फ तिथे साऱ्यांचेच वेळापत्रक ठरवते, अगदी लोकशाहीचेही. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक देशात बहुतेक ठिकाणी १९५२ च्या आरंभी झाली. पण त्या सुमारास किन्नौरचे रस्ते बर्फाने बंद होणार, म्हणून तिथले मतदान ऑक्टोबर १९५१ मध्येच उरकून घेतले. कल्प्याचे शिक्षक श्यामसरण नेगी यांनी २५ ऑक्टोबर १९५१ रोजी मत दिले आणि देशाचे पहिले मतदार म्हणून ते ओळखले गेले. २०२२ साली, वयाची शंभरी ओलांडून, ते वारले. निवडणूक आयोगाने जिथे बर्फापुढे मान तुकवली, तिथे आपल्या रजेच्या अर्जाची काय कथा?

अंतर उंचीत मोजावे

या प्रवासाचा आराखडा किलोमीटरांत मांडू नये. मीटरांत मांडावा, आणि तेही उंचीच्या. सिमला सुमारे २,२०० मीटर उंच आहे, कल्पा २,९०० च्या आसपास, ताबो ३,२८० आणि काझा साडेतीन हजारांहून अधिक. कुंझुमची खिंड तर साडेचार हजारांवर. आपले कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रात सर्वांत उंच, ते १,६४६ मीटर! म्हणजे आपण जिथे संपतो त्याच्याही वर तिकडची सुरुवात होते.

उंचीवर हवा विरळ होते आणि दर श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. शरीर ही तूट भरून काढायला शिकते, पण त्याला काही दिवस लागतात. तो वेळ न दिला तर डोके दुखते, मळमळते, अन्नावरची वासना जाते, झोप लागत नाही. येथवर भिण्याचे कारण नाही. त्याच उंचीवर थांबून विश्रांती घेतली की बहुतेकांना बरे वाटते. पण दुखणे अंगावर काढून तसेच वर चढत राहिले, तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठू लागते, आणि मग काही तासांतच प्रकरण हाताबाहेर जाते. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी काहीही दिसले की रात्र असो वा दिवस, माणसाला तत्काळ खाली उतरवावे आणि वैद्यकीय मदत गाठावी. रोज व्यायाम करणारा तरुण यातून सुटतो असेही नाही. उलट तोच दुखणे लपवतो.

डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा, की तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरांहून अधिक वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. झोपण्याची जागा, हे शब्द महत्त्वाचे. दिवसा वर जाऊन यावे, रात्री खाली निजावे. उंचीच्या त्रासावर गोळ्याही आहेत, पण त्या शेजाऱ्यांनी घेतल्या म्हणून आपण घेऊ नयेत. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आपल्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. आळंदीहून माउलींची पालखी निघते तेव्हा पहिल्या दिवशी फक्त प्रस्थान होते. पालखी देवळाबाहेर पडते आणि आळंदीतच आजोळघरी मुक्काम करते. पुढे पुण्याला दोन दिवस, सासवडला दोन दिवस. वाटेत विसावे ठरलेले. लाखो माणसांना शेकडो वर्षे चालवणाऱ्यांना चालीचे मर्म ठाऊक होते. पहिल्याच दिवशी धावायचे नसते.

म्हणूनच मनालीकडून स्पितीत शिरू नये. मनाली दोन हजार मीटरांवर. तिथून सकाळी निघालेला माणूस त्याच दिवशी कुंझुम ओलांडून संध्याकाळी काझ्याला निजतो. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, म्हणजे आपल्याला किरकोळ वाटणारे. पण शरीराला एका दिवसात दीड हजार मीटर वर नेऊन निजवल्यासारखे होते. सिमल्याकडून जाणारा रस्ता लांबचा. मात्र तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढतो.

चौदा दिवसांचा आराखडा

मुंबई-पुण्याहून चंदीगडपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जावे. चंदीगडहून निघून पहिला मुक्काम सिमल्याच्या पुढे नारकंड्याला, दुसरा सराहनला. तिथले भीमाकालीचे लाकडी-दगडी मंदिर पाहण्यासारखे आहे. तिसऱ्या दिवशी कल्पा. तिथे दोन रात्री राहावे. समोर किन्नौर कैलासाची सहा हजार मीटरांची रांग, भोवती सफरचंदांच्या आणि चिलगोज्यांच्या झाडांची दाटी. काही न करता दिवस जातो.

पाचव्या दिवशी पहाटे निघून ताबो गाठावे. वाटेत खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते, आणि तिथून झाडे संपतात. नाको गावी तळ्याकाठी जेवण करावे. पण नाको ताबोपेक्षा उंच आहे, तेव्हा मुक्काम ताबोलाच बरा. ताबोला दोन रात्री आणि मग काझ्याला तीन. काझ्याहून की गोंपा, लांग्झा, हिक्कीम, कोमिक ही चार हजार मीटरांच्या वरची ठिकाणे दिवसा पाहून परतावे. हिक्कीमचे चिमुकले टपाल कार्यालय सुमारे ४,४०० मीटरांवर आहे. तिथून आजोबांना पत्र टाकण्याची हौस मुलांनी जरूर भागवावी. पत्र आपल्या मागून, सवडीने येईल.

दहाव्या दिवशी कुंझुम ओलांडून मनाली, तिथे एक दिवस विश्रांती आणि बाराव्या दिवशी चंदीगड. हे झाले बारा दिवस. उरलेले दोन? ते कोरे ठेवायचे! एखादे दिवशी दरड पडते, एखादे दिवशी कोणाचे डोके दुखते, कुंझुमवर अवेळी बर्फ पडते. कोऱ्या दिवसाची शिल्लक गाठीला नसली, की माणूस परतीच्या तिकिटाला भिऊन बंद रस्त्यावर गाडी घालतो. काहीच अडले नाही, तर ते दोन दिवस कल्प्याला घालवावेत. ते वाया जाणार नाहीत.

चौदा दिवसांची रजा मिळत नसेल, तर स्पितीचा नाद त्या वर्षी सोडावा. आठ दिवस असतील तर कल्प्यापर्यंत जाऊन परत यावे. आठ दिवसांत स्पिती ‘करता’ येते अशा जाहिराती पुष्कळ असतात. त्या वाचाव्यात नि कागद रद्दीत टाकावा.

आजींचे काय?

बेतातला खरा कठीण प्रश्न रस्त्याचा नसतो, माणसांचा असतो. आमच्या घरी तो सासूबाईंच्या रूपाने उभा राहिला. वय बाहत्तर, रक्तदाब गोळ्यांवर आटोक्यात, पाय ठणठणीत आणि हिमालयाची हौस दांडगी. मुले म्हणाली, आजी येणारच. त्यांचे वडील म्हणाले, आईला तिकडे नेणे वेडेपणाचे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पेटीतला गरम कोट उन्हात टाकला.

शेवटी डॉक्टरांपुढे नकाशाच ठेवला. ते म्हणाले, कल्प्यापर्यंत जाऊ द्या, त्यापुढे नको. मग बेत दुभंगला. नणंदबाईंनी सासूबाईंबरोबर कल्प्याला राहायचे, बाकीच्यांनी ताबो-काझा पाहून त्याच वाटेने माघारी यायचे. याचा अर्थ कुंझुम राहिला आणि त्यापलीकडचा चंद्रताल तलावही राहिला. थोरल्या चिरंजीवांनी त्या तलावाचे चित्र सहा महिने टेबलापुढे लावले होते. ते दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच नकाशावर परतीची रेघ ओढली.

आम्ही कल्प्याला परतलो तेव्हा सासूबाई घरमालकिणीच्या अंगणात सफरचंदाच्या फोडी वाळत घालत बसल्या होत्या. एकीची हिंदी किन्नौरी वळणाची, दुसरीची सदाशिवपेठी. पण दोघींचे चांगले जमले होते. तिथल्या लग्नात काय देतात, सुना कोठे नोकरीला आहेत, बर्फाच्या दिवसांसाठी कोठीत काय काय साठवतात, हे सगळे त्यांना ठाऊक झाले होते. आम्हांला गोंपांची नावे तेवढी पाठ होती.

तात्पर्य, असे निर्णय घरी, दिव्याखाली, सगळ्यांच्या देखत घ्यावेत. कोण कोठवर येणार, कोणी आजारी पडले तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार आणि ‘आता पुरे’ हा शब्द कोणाचा चालणार, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. चार हजार मीटरांवर, डोके दुखत असताना, कोणालाच शहाणपण सुचत नाही.

गाडी, चालक आणि नाले

खंडाळ्याचा घाट रात्री उतरल्याचा अभिमान येथे कामाचा नाही. गाडी तिकडचीच आणि चालक तिकडचाच घ्यावा, असे माझे मत आहे. त्याला दरडीची जागा ठाऊक असते, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकाला तो नावाने ओळखतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, अंधार पडल्यावर गाडी हाकायची नाही, दगड घरंगळताना दिसले तर थांबायचे. हे नियम तो सांगेल तसे पाळावेत. त्याच्या जेवणाची आणि निजण्याची सोय आपल्याइतकीच नीट करावी, कारण आपल्या सर्वांचा जीव त्याच्या झोपेवर आहे.

कुंझुमच्या पलीकडे, बातल ते ग्रांफू या टप्प्यात, रस्ता दगडगोट्यांचा आहे आणि नाले रस्त्यावरूनच वाहतात. इथे आपल्या बोलीतला नाला डोळ्यांपुढे आणू नये. वर बर्फ असते. ऊन तापले की ते वितळते आणि सकाळी घोट्याइतके असलेले पाणी दुपारी गाडी अडवते. म्हणून काझ्याहून झुंजुमुंजू होतानाच निघावे. पुढे अटल बोगदा लागतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या या नऊ किलोमीटरांच्या बोगद्यामुळे मनालीसाठी रोहतांगची खिंड चढावी लागत नाही.

पेट्रोलची टाकी किन्नौर सोडण्यापूर्वी भरावी. त्यानंतर पंप काझ्यालाच. रोख पैसे जवळ असावेत. मोबाईल वाटेत पुष्कळ वेळ मुका राहील, ही गोष्ट घरी राहणाऱ्यांना आधी सांगून ठेवावी, म्हणजे त्यांचा जीव टांगणीला लागत नाही. भारतीयांना या रस्त्यावर परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र लागते. अमेरिकेहून आलेले भाऊ-वहिनी परदेशी नागरिक असतील, तर त्यांनी सरहद्दीनजीकच्या भागाचा परवाना वेळेवर काढावा.

शिदोरी

मराठी कुटुंब घर सोडते ते अर्धे स्वयंपाकघर बरोबर घेऊन. यावेळी ते उपयोगी पडेल, पण थोडे भौतिकशास्त्र ध्यानात घ्यावे. काझ्यात पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यातला भात तासभर ठेवूनही बोटचेपा होत नाही. डाळभाताला कुकरच हवा. चिवड्याच्या बंद पिशव्या पुरीसारख्या टम्म फुगतात आणि बॅगेतच फुटतात. चिवडा डब्यात न्यावा. मेतकूट, भाजणी, गूळ-शेंगदाणे, सुंठ आणि लिंबाचे लोणचे असले की भागते. पहिले काही दिवस जड जेवण आणि मद्य वर्ज्य करावे. पाणी मात्र भरपूर प्यावे. एका जाड कोटाऐवजी तीन पातळ कपडे, एकावर एक, अधिक ऊब देतात. त्याखेरीज कानटोपी, काळा चष्मा आणि ओठांना तूप.

पाणी स्पितीत जपून वापरावे. पाऊस नसल्याने शेते नि घरे बर्फाच्या पाण्यावर जगतात. तिथे बादलीभर गरम पाणी मागताना त्यामागचे सरपण आणि हंडे आठवावेत.

पाहायचे ते

एवढा खटाटोप कशासाठी? माझ्यापुरते उत्तर ताबो हे आहे. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला हा बौद्ध विहार बाहेरून मातीच्या बसक्या धाब्यांचा दिसतो. एखाद्या वाडीतल्या गोठ्यासारखा. आत अंधार. डोळे सरावले की भिंतींवर रंग उमलू लागतात: बोधिसत्त्व, देवता, राजे, भिक्षू, बुद्धाच्या जीवनातले प्रसंग. याला हिमालयातील अजिंठा म्हणतात. अजिंठ्याचा चित्रकार कातळावर मातीचा गिलावा करून चितारत होता, ताबोचा मातीच्याच भिंतीवर. पण ज्याने अजिंठा पाहिला आहे, त्याला ताबोत परके वाटत नाही. १९७५ च्या भूकंपाचा धक्काही या मातीने सोसला. आत छायाचित्रे घेऊ देत नाहीत, ते योग्यच आहे. पाहावे आणि बाहेर येऊन उन्हात गप्प बसावे.

दुसरे लांग्झा. तिथल्या उतारांवर दगडांत वळ्यावळ्यांचे शंख सापडतात. हिमालय उठण्यापूर्वी तिथे समुद्र होता, त्यातल्या प्राण्यांचे हे अवशेष. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम हा त्याच जातीचा जीवाश्म. मुले तो विकत घेण्याचा हट्ट धरतील. दाखवावा, हातात द्यावा आणि होता तिथे ठेवायला सांगावे. डोंगराने कोट्यवधी वर्षे सांभाळलेली वस्तू आपल्या काचेच्या कपाटात धूळ खात पडू नये.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळ आटोपला, की पुढल्या वर्षीचे कॅलेंडर आणि हिमाचलचा नकाशा शेजारी शेजारी पसरा. चौदा दिवसांवर रेघ मारा, त्यांतल्या दोन दिवसांवर काहीही लिहू नका. मग प्रत्येकाला विचारा, तुम्ही कोठवर येणार? आजींना आधी विचारा.